अंगी लागलेलं

पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असली आणि त्यात रात्रभर ताक राहिलं, तर सकाळी ते कळकतं. जिभेला तुरट-कडवट चव लागते, घशाशी मळमळतं आणि घरातली बाई एक शब्द न बोलता ते मोरीत ओतून देते. ताकातल्या आम्लानं पितळेतलं तांबं विरघळवलं, त्याचे क्षार ताकात उतरले आणि ते पोटात गेले तर उलट्या होतील, एवढं सगळं 'कळकणं' या एका क्रियापदात बसलं आहे. चाळीसगावात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना आम्ल आणि धातूंचा धडा मी या शब्दापासून सुरू करत असे. मागच्या बाकावरची पोरंही तेवढ्यापुरती मान वर करत.

कळकलेलं ताक स्वतःहून बोलतं. या पुस्तकाचा विषय न बोलणाऱ्या पदार्थांचा आहे. त्यांना चव नाही, वास नाही, आणि असला तरी सवयीनं तो कळेनासा झालेला. ते रोज थोडे थोडे आत जातात. काही त्याच दिवशी बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. काही हाडांत, चरबीत, मूत्रपिंडात घर करून बसतात. मराठीत विष 'भिनतं' म्हणजे भराभर पसरतं. सावकाश आत जाऊन ठाण मांडणाऱ्या गोष्टीला आपण 'मुरणं' म्हणतो, पण तो शब्द लोणच्यासाठी आणि अनुभवी माणसासाठी राखून ठेवला आहे. आणि जे शरीरात टिकतं, रक्तामांसाचा भाग होतं, त्याला 'अंगी लागणं' म्हणतो. तोही कौतुकाचाच शब्द. पोरगं खातं पण अंगी लागत नाही, अशी आयांची तक्रार असते. शिसं मात्र अंगी लागतं. आतड्यांना ते कॅल्शियमसारखं वाटतं आणि शरीर त्याला हाडात नेऊन ठेवतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपली भाषा, आपले कायदे आणि आपली भीती ही तिन्ही भिनणाऱ्या विषावर बेतलेली आहेत, आणि आपण जगतो आहोत ते मुरणाऱ्या विषाच्या काळात. हे मी कुठल्याही गावात बसून म्हणू शकलो असतो. चाळीसगावात बसून म्हणण्याला थोडं कारण आहे.

हा कपाशीचा मुलूख. गावातून तितूर वाहते, ती गिरणेला मिळते, गिरणा तापीला. जूनच्या पहिल्या पावसापासून पऱ्हाटीचं शेवटचं बोंड वेचेपर्यंत बाजारातली कृषी सेवा केंद्रं गजबजलेली असतात. तिथं गिऱ्हाईक कीटकनाशक मागत नाही, विष तर नाहीच नाही. तो मागतो 'औषध'. माव्याचं औषध, तुडतुड्याचं औषध, बोंडअळीचं औषध. शेतात जाऊन तो औषध 'मारतो'. आणि एखाद्या वर्षी पाऊस गेला, भाव पडला, देणं अंगावर आलं, की गावात सकाळी कुजबुज होते : अमक्यानं औषध घेतलं. एकच शब्द पिकाच्या उपचारालाही आणि माणसाच्या शेवटालाही. या शब्दावर मी पूर्वी चिडत असे. आता वाटतं, ही चूक बोलणाऱ्याची नाही. सरकारी योजना, दुकानदार, कंपनीचा माणूस, रेडिओवरचा सल्ला, सगळ्यांनी मिळून त्याला हा शब्द शिकवला आहे. औषध म्हटलं की मात्रा चुकली तरी हेतू चांगलाच असतो.

त्या बाटलीवर एक रंगीत चौकोन असतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली झालेल्या 1971 च्या नियमांनी तो ठरवून दिला. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. आमच्याकडच्या शेतकऱ्याला वाचता येवो न येवो, हा रंग कळतो. पण रंग ठरतो कसा, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना पदार्थ एकदा खाऊ घालायचा आणि किती मिलिग्रॅमला त्यातले निम्मे मरतात ते मोजायचं. दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत मेले तर लाल, 5000 च्या वर गेलं तर हिरवा. निम्मे उंदीर मारणाऱ्या मात्रेची ही कल्पना ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1927 मध्ये मांडली आणि जगभरच्या कायद्यांनी ती उचलली. म्हणजे हा चौकोन एका घोटाचं उत्तर देतो. वीस वर्षं रोज श्वासातून, कातडीतून, पिण्याच्या पाण्यातून थोडं थोडं गेलं तर काय, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही.

मॅन्कोझेब घ्या. केळीवरच्या करप्यासाठी जळगाव जिल्ह्यात हे बुरशीनाशक ओळखीचं आहे. त्याची घातक मात्रा 5000 च्याही वर, म्हणून तो हिरव्या गटात मोडतो. तोच पदार्थ शरीराच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतो, या कारणावरून युरोपीय संघानं 2020 मध्ये त्याची मान्यता पुढे चालवायला नकार दिला. दोन्ही निर्णय आपापल्या प्रश्नाला धरून बरोबर आहेत. फक्त आपल्या बाटलीवर एकाच प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं.

भिनणारं विष बातमीत येतं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून जोराच्या दाबाच्या पंपानं मारली जात होती, आणि ओळीतून चालणारा माणूस स्वतःच फवारलेल्या ढगातून जात होता. चौकश्या झाल्या, काही उत्पादनांवर तात्पुरती बंदी आली, विधानसभेत प्रश्न आला. 31 ऑगस्ट 2019 ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसं गेली; तेव्हाही खानदेश काही दिवस हादरला. 1984 चं भोपाळ तर पाठ्यपुस्तकात गेलं. हे सगळं सांगायलाच हवं. पण यवतमाळला जे मेले नाहीत, पंधरा दिवसांनी घरी परतले आणि पुढच्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर घेतला, त्यांचं पुढे काय झालं, यावर कुणी बातमी लिहीत नाही. ज्या बायकांनी ते फवारणीचे कपडे हातानं धुतले, त्यांची तर नोंदही नसते.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं गढूळ होईल. साठा दोन प्रकारचा असतो. एक पदार्थाचा आणि दुसरा परिणामाचा. यवतमाळची बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली होती. हे रेणू शरीरात फार टिकत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. पण नसांच्या टोकाशी काम करणारं कोलिनएस्टरेज नावाचं विकर ते निकामी करून जातात आणि शरीराला ते नव्यानं बनवायला आठवडे लागतात. तेवढ्यात दुसरी फवारणी आली तर उणे वाढत जातं. पदार्थ गेला, पण कर्ज राहिलं. डीडीटीची गोष्ट उलटी. तो पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो, आणि त्याचं डीडीई हे रूप माणसाच्या चरबीत वर्षानुवर्षं बसून राहतं.

हे समजायला घरातला रांजण पुरे. वरून पाणी पडतं, तळाच्या भोकातून गळतं. भोक मोठं असेल तर रांजण भरत नाही. बारीक असेल तर थेंब थेंब पडलं तरी एक दिवस पाणी काठाला येतं. त्या भोकाचं माप म्हणजे अर्धायुष्य : आतला साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ. प्लॅस्टिकच्या डब्यांतून येणाऱ्या बिस्फेनॉल-एचं अर्धायुष्य तासांत मोजतात. माशांतल्या मिथाइल पाऱ्याचं साधारण पन्नास दिवस. रक्तातल्या शिशाचं सुमारे महिनाभर, पण हाडातल्या शिशाचं दहा ते तीस वर्षं. मूत्रपिंडातल्या कॅडमियमचंही तेवढंच. बिस्फेनॉल दुपारपर्यंत निघून जातो म्हणून हसू नये. रोज सकाळी त्याच डब्यातून तो परत येतो आणि रांजणाची पातळी काही खाली जात नाही.

ही जाण नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात 'दूषीविष' येतं : जे विष शरीरातून पूर्ण निघालं नाही, जुनं झालं, औषधांनी दुबळं झालं, ते माणसाला लगेच मारत नाही, कफानं वेढलेलं वर्षानुवर्षं आत राहतं आणि हवा, अन्न किंवा ऋतू बिघडला की उसळतं. वाचताना अंगावर काटा येतो. पण यातून 'आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं' असा निष्कर्ष काढणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. निरीक्षण अचूक होतं, मोजमाप नव्हतं. आणि त्याच परंपरेतल्या रसौषधींत पारा आणि शिसं आहे. 2004 मध्ये अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शुद्धी आणि मारण नीट झालं तर धोका नाही, असं वैद्य म्हणतात. असेलही. पण ते नीट झालं की नाही, हे डबीवरून कळत नाही.

पश्चिमेत सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससनं विष आणि औषध यांच्यात फरक फक्त मात्रेचा, असं ठरवून दिलं आणि पुढची चारशे वर्षं विषशास्त्र त्याच पायावर उभं राहिलं. दुसरी वाट इटलीच्या रामाझ्झिनीची. 1700 मध्ये त्यानं कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. मला हा माणूस पॅरासेल्ससपेक्षा जास्त कामाचा वाटतो. आमच्या तालुक्यात किती डॉक्टर डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसाला विचारतात, बाबा, काल काय फवारलंस?

तिसरं वळण विसाव्या शतकाच्या मध्याचं. 1939 मध्ये पॉल म्युलरनं डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, 1948 मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्या पारितोषिकाला नावं ठेवणं सोपं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि आठ लाख मरत होते असा अंदाज आहे. 1953 मध्ये नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि 1965 पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. आमच्या पिढीला खांद्यावर पंप घेतलेला मलेरियावाला आठवतो. तो आला की भांडीकुंडी अंगणात निघत, भिंती पांढुरक्या होत आणि जाताना तो दारावर तारीख लिहून जाई. आम्ही पोरं त्या फवाऱ्यामागे धावायचो. तो खलनायक नव्हता. त्यानं आमच्यापैकी काही जण वाचवलेच असतील. पण डीडीटी आणि त्याच्याच जातीची बीएचसी भुकटी भिंतीवरून शेतात, धान्याच्या कणगीत, डोक्यातल्या उवांपर्यंत गेली आणि तिथून सगळ्यांच्या अंगात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 1993 मध्ये 12 राज्यांतल्या दुधाच्या 2205 नमुन्यांचे निकाल दिले; सुमारे 82 टक्क्यांत डीडीटीचा अंश होता. गाय-म्हैस चारा खाते, चारा मातीतून येतो, चरबीत विरघळणारा डीडीटी दुधाच्या मलईत उतरतो.

रेचल कार्सनच्या 1962 च्या पुस्तकानं हाच प्रवास पक्ष्यांच्या बाबतीत दाखवला आणि विषशास्त्राला परिसरशास्त्राची जोड मिळाली. त्याआधी 1956 मध्ये जपानच्या मिनामाता खाडीत पाऱ्यानं दाखवलं होतं, की शेवाळ, बारीक मासा, मोठा मासा असं चढत चढत विष माणसाच्या ताटात किती पटीनं घट्ट होऊन येतं. तिथल्या काही आया धडधाकट होत्या. मुलं मात्र जन्मतःच लुळी. 2001 च्या स्टॉकहोम करारानं अशा हट्टी, न विघटणाऱ्या बारा पदार्थांवर जागतिक बंदी किंवा निर्बंध आणले. भारतानं 2006 मध्ये तो मान्य केला. आपला कायदा मात्र दुसऱ्याच घटनेतून जन्मला. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली, त्यातून चौकशी झाली आणि दहा वर्षांनी कीटकनाशक कायदा आला. म्हणजे त्याच्या मुळाशीच भिनणारं विष आहे. 2003 मध्ये बाटलीबंद पाण्यात आणि शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडले तेव्हा गदारोळ झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि देशानं 'अंश' या शब्दावर कायदेशीर विचार केला. त्या गदारोळातही एक गोष्ट मला खटकत राहिली : शीतपेयाच्या बाटलीतल्या अंशावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी ज्या विहिरीतून आमची गावं पाणी पितात तिच्यावर कधी झाली नाही.

शेवटचं वळण सर्वांत अवघड, आणि आज खरी भांडणं इथेच आहेत. 1990 च्या दशकात थिओ कोलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की काही पदार्थ शरीराच्या संप्रेरकांची नक्कल करतात, आणि संप्रेरकांचं काम मुळातच अत्यल्प मात्रेत चालतं. तेव्हा मात्रा कमी म्हणून परिणाम कमी हा पॅरासेल्ससचा हिशेब इथे लागू पडेलच असं नाही, आणि कधी संपर्क आला हे किती आला याहून महत्त्वाचं ठरू शकतं. गर्भातले काही आठवडे म्हणजे आयुष्यभराचा पाया, ही गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामामुळे मराठी वाचकाला परकी नाही. आपली बाळं वजनाला कमी पण चरबीला जास्त, हे त्यांनी दाखवलं. ते संशोधन पोषणाचं आहे, विषाचं नव्हे, आणि दोहोंची सरमिसळ मी करणार नाही. पण गर्भाशय ही बंद तिजोरी नाही, हे त्यातून लोकांना कळलं. शिशाच्या बाबतीत हे फारच थेट आहे. मुलीच्या हाडात बालपणी साठलेलं शिसं, ती गरोदर राहिली आणि आहारात कॅल्शियम कमी पडलं, की हाडं विरघळताना पुन्हा रक्तात येतं आणि बाळापर्यंत पोचतं. (यावरून कुणी अंगावर पाजणं थांबवू नये. आईच्या दुधाचे फायदे या अंशांच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत, हे आरोग्य संघटना पुन्हा पुन्हा सांगतात.)

आता शेत सोडून घरात या. नवं तेवढं वाईट, जुनं तेवढं निर्मळ, या समजाला इथे तडा जातो. गावोगावच्या मारुतीला आणि म्हसोबाला थापलेला पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. गवयाचा आवाज जावा म्हणून त्याला शेंदूर चारल्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या; लोकांना त्याचा गुण ठाऊक होता. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आर्सेनिकच्या पिवळ्या खनिजावरून आला. पोथीतली चूक पुसायला ते वापरत. कल्हईत कथिलाऐवजी स्वस्त शिसं मिसळणारे होतेच. आणि चुलीचा धूर तर आजीच्या छातीत आयुष्यभर मुरलेला.

जळगावच्या सोन्याची ख्याती महाराष्ट्रभर आहे. त्या बाजारातलं 'केडीएम' हे अक्षरत्रय म्हणजे शुद्धतेची खूण असं गिऱ्हाईक धरून चालत असे. मुळात ती कॅडमियमची खूण. दागिन्याचा सांधा जोडायला सोन्यात कॅडमियम घालत, कारण त्यानं डाग कमी उष्णतेत वितळतो आणि सोन्याचा कस फारसा उतरत नाही. कॅडमियम 767 अंशांना उकळतं. फुंकणीच्या ज्योतीपुढे वाकून बसलेल्या कारागिराच्या नाकात त्याची वाफ जायची. दागिना घालणारीला काही होत नसे. घडवणाऱ्याच्या मूत्रपिंडात ते पुढची वीस-तीस वर्षं राहायचं. आता हॉलमार्क आला, केडीएम मागे पडलं; पण या विषयाचं व्याकरण मला त्या सांध्यात दिसतं. वस्तू जिच्या अंगावर चमकते ती वेगळी, आणि जिच्या अंगी लागते ती व्यक्ती वेगळी.

बाकी घर पटकन पाहू. मच्छर अगरबत्तीची एक गुंडाळी बंद खोलीत जळली, तर तिच्या बारीक धूलिकणांचं प्रमाण 75 ते 137 सिगारेटींएवढं भरतं, असं 2003 च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. जुन्या ट्रंकेतले बाळंतविड्याचे कपडे डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत उन्हात न टाकता बाळाला घातले, तर काही बाळांना, विशेषतः ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं त्यांना, रक्तपेशी फुटून कावीळ होते. औषधाचा रिकामा कॅन धुऊन त्यात तेल किंवा पाणी भरणं आमच्याकडे अजून सर्रास चालतं. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 मुलं गेली ती मोनोक्रोटोफॉसनं बाटलेल्या तेलामुळे. भंगारातून ओतलेली जर्मनची पातेली, घासलेल्या पॅनचा काळा थर, मुलांच्या खेळण्यांचा रंग; यांच्यावर पुढे लेख आहेत.

हे पुस्तक आताच का, असं विचारलं तर माझ्याकडे एक उत्तर मोजमापाचं आहे. पूर्वी विष हवेत, पाण्यात, मातीत मोजत; आता माणसात मोजता येतं. अमेरिकेनं 2001 मध्ये आपल्या नागरिकांच्या रक्तलघवीतल्या 27 रसायनांचा पहिला राष्ट्रीय अहवाल काढला, आता ती यादी शेकड्यांत आहे. 2022 मध्ये नेदरलँड्समधल्या 22 रक्तदात्यांपैकी 17 जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे कण सापडले. न चिकटणाऱ्या भांड्यांच्या उद्योगातून पसरलेलं पीएफओए 2023 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात गेलं. शिशाची चिंतेची रेघ अमेरिकेत 1991 मध्ये डेसीलिटरला 10 मायक्रोग्रॅम होती, 2012 मध्ये 5, 2021 मध्ये साडेतीन. 5 ची रेघ धरली तरी युनिसेफच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगातली सुमारे 80 कोटी मुलं तिच्यावर आहेत, त्यांपैकी पंचवीस कोटींहून अधिक भारतात. आपल्याकडेही 1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीच्या लहानग्यांचं रक्त तपासलं गेलं होतं. खात्यापित्या घरांतल्या मुलांत शिसं कमी निघालं. 2000 साली पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि तो एक सार्वजनिक विजय होता. कुणी काही खाणं सोडलं नाही, काढे प्याले नाहीत. एका आदेशानं कोट्यवधी मुलांच्या रांजणात पडणारी एक धार बंद झाली.

म्हणूनच 'डिटॉक्स'च्या बाटल्या विकणाऱ्यांशी या पुस्तकाचं जमत नाही. शिसं हाडातून काढणारा रस नाही. यकृत आणि मूत्रपिंडं आपलं काम करतात. त्यांच्यावर येणारा माल कमी करणं एवढंच हातात असतं, आणि त्यातला मोठा वाटा घराच्या नव्हे, कायद्याच्या आणि बाजाराच्या हातात. 'केमिकल-फ्री' या शब्दानंही मला शिक्षक म्हणून पोटशूळ उठतो. पाणीही केमिकलच आहे.

या संग्रहातले लेखक दोन प्रकारचे आहेत. काही डॉक्टर, शिक्षक, कृषी विभागात नोकरी केलेले. आणि काही ज्यांनी कधी लेख लिहिला नव्हता, ज्यांनी बोललेलं आम्ही लिहून घेतलं : फवारणीला रोजानं जाणारा गडी, कापूस वेचणाऱ्या बाया, डाग लावणारा कारागीर, कल्हईवाला. पहिल्या गटाच्या लेखांत आकडे आहेत, दुसऱ्याच्या लेखांत हात आहेत. आम्ही दोघांना एकमेकांची भाषा शिकवण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी जमला असं नाही. काही ठिकाणी डॉक्टरांचं आणि शेतकऱ्याचं म्हणणं उघड जुळत नाही आणि आम्ही ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे. कीटकनाशक बंद करा, असं या पुस्तकात सरसकट कुठे म्हटलेलं नाही. गुलाबी बोंडअळीनं उभं पीक खाल्लेला माणूस समोर बसला असताना ते म्हणणं फार स्वस्त असतं. कुठलं, किती, कधी, कुणाच्या पाठीवरून आणि कोणत्या कपड्यांत, हे प्रश्न आहेत.

मसुदा तयार झाल्यावर गिरणाकाठच्या एका गावात मारुतीच्या पारावर आम्ही त्यातला काही भाग वाचून दाखवला. रांजणाचं उदाहरण सांगितलं, मग अर्धायुष्य समजावलं : इतक्या वर्षांत निम्मं जातं, पुढच्या तितक्याच वर्षांत उरलेल्याचं निम्मं. बायकांच्या बाजूला बसलेली एक मजूर बाई, आयुष्यभर कापूस वेचलेली, लक्ष देऊन ऐकत होती. तिनं विचारलं, ''सर, मंग बाकीनं अर्धं कोठे जास?''

मी हाडांचं सांगितलं, चरबीचं सांगितलं. शेजारी तिची पोर बसली होती, सातव्या महिन्याची गरोदर, माहेरी आलेली. बाईनं तिच्याकडे पाहिलं आणि मला पुढचं वाचायला सांगितलं.